रोज लागतात पण बारकेच? आधी आमिष किती खोल आहे ते मोजा

उजनी धरणाच्या फुगवट्यावर भिगवण ते पळसदेव या पट्ट्यात मी बरीच वर्षं गळ टाकतोय. एक तक्रार मी स्वतः केलीये आणि शेजारी बसलेल्या जवळपास प्रत्येकाकडून ऐकलीये, की मासे लागतात हो, पण सगळे बारकेच. काठी बदलून झाली, महागाचं आमिष आणून झालं, जागा बदलून झाली, तरी पिशवीत तळहाताएवढी चिलापीच (तिलापिया). आतापर्यंत इतक्या जणांच्या काठ्या हातात घेऊन बघितल्यात की आता सामानाकडे मी बघतच नाही, आधी तरंग्याखाली किती दोर सोडलाय ते बघतो. बहुतेक वेळा घोळ तिथेच सापडतो. आमिष ज्या खोलीवर आहे असं आपण धरून चाललेलो असतो, त्या खोलीवर ते नसतंच.

एक गोष्ट आधीच सांगतो. "जितकं खोल तितका मोठा मासा" हे खरं नाही. मीपण दोन-तीन वर्षं याच समजुतीत काढली. बारक्या माशांचा एक थर असतो, तो कुठे आहे आणि त्याच्या पलीकडे मोठा मासा कुठे चरतोय, हे कळलं पाहिजे, आणि हा थर ऋतूप्रमाणे, वेळेप्रमाणे वरखाली होतो.

लक्षणं काय दिसतात

तरंगा सारखा टुकटुक करत राहतो पण खाली जात नाही, ओढलं की गळ रिकामा.

आमिष पाण्यात पडलं की तरंगा नीट उभा राहायच्या आतच झोंबाझोंबी सुरू होते. हे लक्षण महत्त्वाचं आहे, कारण याचा अर्थ आमिष खाली पोचायच्या आधी वाटेतच खाल्लं जातंय.

दोन तासांत पंधरा-वीस मासे, सगळे एकाच मापाचे.

शेजारच्याला तेच आमिष, तोच गळ, आणि त्याच्याकडे किलो-दीड किलोचा मृगळ.

पहाटे एखादा बरा लागतो, ऊन चढलं की नुसती पोरं, म्हणजे बारके मासे. किंवा काल जिथे चाललं तिथे आज काहीच नाही.

यातली दोन-तीन जरी जुळत असतील तरी खालच्या तपासण्या याच क्रमाने करा. पहिल्या तिन्हींना एक रुपयाही लागत नाही, म्हणून त्या आधी.

पहिली: खोली मोजा, अंदाज नको

हे नव्वद टक्के लोक करत नाहीत असं मी म्हणेन, नुसतं "इथे परूसभर पाणी असेल" म्हणून तरंगा कुठेतरी सरकवायचा आणि बसायचं.

पद्धत अशी. तुमचा तरंगा बुडेल इतकं जड शिसं गळाला अडकवा, आमिष लावू नका. जिथे बसून टाकणार आहात तिथेच टाका. तरंगा पूर्ण बुडून गायब झाला तर दोर कमी पडतोय, तरंगा वर सरकवा. तरंगा आडवा पडून लोळतोय तर दोर जास्त झालाय, खाली घ्या. फक्त शेंडा पाण्यावर दिसतोय असं झालं की तिथे तळ. मग गळ काठीच्या मुठीला अडकवून दोर ताणा आणि तरंगा जिथे येतो तिथे काठीवर चिकटपट्टी लावा. एवढ्याला पाच मिनिटं लागतात. मी तरंगा सायकलच्या वॉल्व्हच्या रबराने बसवतो, वर एक तुकडा खाली एक तुकडा, म्हणजे सरकतोपण आणि घसरतपण नाही.

आणि एकाच ठिकाणी मोजून थांबू नका, डावी-उजवीकडे आणि अजून दोन-तीन मीटर पुढे पण टाकून बघा. फुगवट्याचा तळ म्हणजे सपाट फरशी नाही. जुनी शेतं, बांध, ओढे, रस्ते सगळं खाली आहे. बांधावर चार फूट पाणी आणि पलीकडे लगेच नऊ फूट असं मी स्वतः मोजलंय, आणि मोठा मासा नेमका त्या उतरणीच्या कडेने फिरतो कारण धोका वाटला तर एका शेपटीत खोल पाण्यात जाता येतं.

शिशाच्या खालच्या बाजूला थोडं ग्रीस लावा. वर आलं की तळाची माती त्याला चिकटलेली असते. वाळू, बारीक खडे, शंखांचे तुकडे आले तर जागा चांगली. काळा लोण्यासारखा गाळ आला आणि त्याला सडक्या अंड्याचा वास असला तर तिथे तळाला आमिष ठेवून काही उपयोग नाही, का ते पुढे सांगतो.

ही मोजणी दर वेळी करायची. उन्हाळ्यात पाणी सोडलं की पातळी रोज उतरते, उजनी मायनसमध्ये गेलं, म्हणजे उपयुक्त साठा संपला, तर काठच कुठल्या कुठे जातो. "काल लागलं आज का नाही" याचं उत्तर पुष्कळदा एवढंच असतं, पाणी वीतभर उतरलं आणि कालच्या खुणेवर तुमचं आमिष आज गाळात लोळतंय.

दुसरी: दोर सरळ उभा आहे का तिरका

हे मला एका म्हाताऱ्या मच्छीमाराने दाखवलं, आम्ही सगळे त्यांना तात्या म्हणतो. मी आठ फुटांवर लावून बसलो होतो, पाणी साडेआठ फूट होतं, सगळं मोजून घेतलेलं, तरी बारकी चिलापी. तात्या मागे उभे राहून बराच वेळ बघत होते. मग म्हणाले, "पोरा, तुझा तरंगा चाललाय पूर्वेला, आमिष तिथंच ऱ्हायलंय. खाली कुठं गेलंय ते?" मला कळेना. मी म्हटलं, "तात्या, मोजलंय की मी." तर त्यांनी काठी हातात घेतली, शेंडा पाण्यात बुडवला, रीलचे दोन वेढे घेतले म्हणजे वरचा दोर पाण्याखाली गेला, आणि शिशाचे तीन मणी गळाकडे सरकवले. तरंगा जाग्यावर थांबला. तासाभरात एक मृगळ आला, दोन किलोच्या वरचा, ओठांना गाळ लागलेला.

कारण साधं आहे. वारा वरचं पाणी ढकलतो, ते काठाला साचतं आणि खालून परत फिरतं. म्हणजे वर एक ओढ, खाली उलटी ओढ. तरंगा वरच्या पाण्याबरोबर जातो, आमिष मागे राहतं आणि दोर तिरका होतो. ८ फूट दोर ४५ अंशात तिरका झाला तर आमिष प्रत्यक्षात साडेपाच फुटांवर आलं. म्हणजे तुम्ही तळाला मासेमारी करतोय समजताय आणि आमिष लटकतंय थेट पोरांच्या थरात. बाहेरून काहीच दिसत नाही, म्हणून माणूस आमिषाला दोष देतो.

उपाय वर सांगितलाच, वरचा दोर बुडवायचा, शिसं खाली घ्यायचं. वारा जोरात असेल तर शेवटचा मणी तळाला टेकेल इतका दोर द्या, चार बोटं जास्त. तो नांगरासारखं काम करतो. आणि या मांडणीत एक फायदा आहे, तळाला चरणारा मासा आमिष तोंडात धरून वर उचलला की मणीपण उचलला जातो आणि तरंगा खाली जायच्या ऐवजी वर येऊन आडवा पडतो. नवखे लोक अशा वेळी वाट बघत बसतात. वाट बघू नका, तीच ओढ आहे, काठीला झटका मारा.

तिसरी: आज मासा कुठल्या थरात असणार

यात पैसे नाहीत पण डोकं लागतं, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी माशाचं तोंड बघा. कटल्याचं तोंड वरच्या बाजूला उघडतं, तो वरच्या पाण्यातलं खातो. रोहू मधल्या थरातला. मृगळाचं तोंड खालच्या अंगाला, तो तळाचा. सायप्रिनस (कॉमन कार्प) पण तळ उकरतो, बुडबुड्यांची रांग वर येताना दिसली की समजायचं. शिवडा, मरळ ही शिकारी मंडळी, त्यांचा हिशोब वेगळा, त्याबद्दल इथे लिहीत नाही. तेव्हा "मोठा मासा" म्हणजे कुठला हे आधी ठरवा. पाच किलोचा कटला वरच्या दोन-तीन फुटांत फिरत असेल तर तळाला बसून त्याची वाट बघण्यात दिवस जाणार.

बारकी चिलापी काठाला आणि वरच्या थरात का असते? एक तर तिथे ऊब आणि शेवाळ, दुसरं म्हणजे उथळ गवतात मोठ्या शिकारी माशांपासून लपायला जागा मिळते. चिलापी मूळची आफ्रिकेतली, आपल्या देशात १९५२ साली आणली गेली. नर उथळ पाण्यात तळाला गोल खड्डा करतो, मादी अंडी तोंडात सांभाळते, त्यामुळे पिल्लं वाचतात भरपूर आणि एका जागी गर्दी झाली की वाढ खुंटते. पाणी उतरल्यावर उघड्या पडलेल्या चिखलात थाळीएवढे गोल खड्डे ओळीने दिसतात ना, ती त्यांची घरटी. तसे खड्डे जिथे दिसतील तिथून साधारण तेवढ्याच खोलीच्या पाण्यात आमिष ठेवलं तर पोरंच लागणार, त्यात तुमची चूक नाही. सरळ तीन-चार फूट जास्त खोल पाण्यात टाका.

आता उन्हाळा. इथे सगळं उलटं होतं. पाणी जितकं गरम तितका त्यात प्राणवायू कमी मावतो, २० अंशाला लिटरमागे साधारण ९ मिलिग्रॅम, ३० अंशाला साडेसातच्या आसपास. त्यात उजनीचं पाणी हिरवंगार. ते शेवाळ दिवसा प्राणवायू सोडतं पण रात्री स्वतःच वापरतं, म्हणून पहाटे पाण्यात तो सगळ्यात कमी असतो. तळाशी सडणारा गाळ उरलासुरला पण खातो. तो काळा, सडक्या अंड्याच्या वासाचा गाळ म्हणजे तिथे प्राणवायू संपल्याची खूण. तिथे मोठा मासा थांबतच नाही. एप्रिल-मेमध्ये आठ-नऊ फुटांवर तळाला आमिष टाकून अख्खा दिवस टोच न लागणं हे याच्यामुळे.

अशा दिवसात तरंगा गळाकडे खाली घ्या, म्हणजे आमिष वर येतं. मे महिन्यात एकदा सकाळपासून तळाला बसून काही नाही, शिसं वर काढलं तर काळाकुट्ट गाळ. मग अर्ध्या पाण्यावर लावलं, मग अजून वर, शेवटी दोन फुटांवर आलो तेव्हा दुपारी चारच्या सुमारास तरंगा कसलीही टुकटुक न करता सावकाश तिरका होत गेला. कटला होता, साडेतीन किलो. तेव्हापासून उन्हाळ्यात मी तळापासून सुरुवात करतो, दर वीस मिनिटांनी हातभर वर येतो, आणि जिथे तरंग्याची हालचाल बदलते तिथे थांबतो. टुकटुक म्हणजे पोरं. संथ सरक म्हणजे थांबा, इथेच काहीतरी आहे.

थंडीत भल्या सकाळी तळाला, दुपारी ऊन तापल्यावर कडेच्या उथळ पाण्यात सायप्रिनस वर येतो, एवढं लक्षात ठेवलं तरी पुरे. पावसाळ्यात पाणी गढूळ असलं की मोठे मासे अगदी काठाजवळ पण येतात, खोलीचा फारसा आग्रह धरू नका. फक्त त्या दिवसांत रोहू-मृगळ अंड्यावर असतात, पोट फुगलेली मादी लागली तर हलक्या हाताने गळ काढून सोडून द्या. मनापासून सांगतोय, पुढच्या वर्षीचा मासा तिच्या पोटात आहे.

आणि संध्याकाळी अंधार पडताना मोठा मासा स्वतःहून उथळात येतो, फक्त काठावर पाय आपटत फिरू नका आणि पाण्यावर बॅटरी मारू नका.

चौथी: शिसं, खर्च दहा-वीस रुपये

तरंगा उभा राहायच्या आत झोंबत असतील तर आमिष खाली जायला वेळ फार लागतोय. दोरावर मणी लांब लांब लावले असतील तर आमिष पानासारखं तरंगत खाली जातं आणि वाटेत पोरं फस्त करतात. सगळे मणी एकत्र करा, गळाच्या हातभर वर. तो गठ्ठा आमिषाला घेऊन सरळ खाली जातो. त्यासाठी तरंगा थोडा मोठा लागेल, मोरपिसाची काडी तेवढं वजन पेलणार नाही. कटल्यासाठी वरच्या थरात मात्र उलट, हलकं आणि सावकाश पडणारं चांगलं.

पाचवी: आमिष आणि गळ

खोली बरोबर असूनही पोरं तिथपर्यंत येतात असं होतं कधी कधी. गांडूळ आणि मऊ कणीक ही चिलापीच्या आवडीची, दोन मिनिटांत साफ. अशा वेळी कडक काहीतरी लावा, मक्याचे उकडलेले दाणे दोन-तीन, भिजवून उकडलेला हरभरा, किंवा कणकेत शेंगदाण्याची पेंड घालून घट्ट मळलेला गोळा, लिंबाएवढा नको पण सुपारीएवढा तरी. बारक्याच्या तोंडात तो जात नाही, ते नुसतं ढोसत राहतात. गळपण त्या मापाचा हवा. नंबर वाढला की गळ बारीक होतो हे बऱ्याच जणांना उलटं वाटतं, १२ नंबर लावून मोठ्या माशाची वाट बघू नका, ६ किंवा ४ लावा.

पण हे पाचव्या क्रमांकावर आहे हे लक्षात घ्या. लोक इथूनच सुरुवात करतात. दुकानातली वासाची बाटली दोनशे-तीनशेला आणतात, आणि आमिष तिरक्या दोरावर अर्ध्या पाण्यात लटकत असतं.

सहावी: चारा कसा टाकताय

कोरडं पीठ किंवा सैल भात भिरकावला की वरच ढग होतो आणि तळ्यातली सगळी पोरं तुमच्या तरंग्याभोवती जमतात. तुम्ही स्वतःच बोलावलेली असतात. पेंड आणि काठाचीच माती मिसळून घट्ट गोळे करा, संत्र्याएवढे, ते आख्खे तळाला जाऊन फुटले पाहिजेत. काठाजवळ गुडघाभर पाण्यात एक गोळा टाकून बघा, पडतानाच विरघळत असेल तर माती वाढवा. तळाला काळा गाळ असेल तिथे चारा टाकूच नका, अजून सडणार.

सातवी: लांब आणि खोल, इथे खर्च येतो

वरचं सगळं केलं आणि तरी नाही, तर मोठा मासा तुमच्या काठीच्या टप्प्यातच नाही असं समजा. दहा-बारा फुटांपेक्षा खोल पाण्याला तरंगा दोरावर पक्का बसवून फेकता येत नाही, काठीपेक्षा दोर लांब झाला की फेकताना गुंता होतो. तिथे सरकता तरंगा लागतो, तंगूसावर जाड दोऱ्याची गाठ मारायची, तरंगा त्या गाठीपर्यंत सरकतो आणि अडतो. रील आणि बऱ्यापैकी काठी लागते. उसनी मिळाली तर आधी उसनी घेऊन बघा, लगेच विकत घेऊ नका.

कुठे थांबायचं आणि कुणाला बोलवायचं

तीन-चार फेऱ्यांत हे सगळं मोजून-मापून करूनही फरक नाही, तर सामानावर पैसे घालणं थांबवा आणि तिथल्याच एखाद्या होडीवाल्या मच्छीमाराला अर्ध्या दिवसाचे पैसे देऊन बरोबर घ्या. त्यांना विचारायचं एकच, भीमा नदीचं जुनं पात्र इथून कुठून जातं आणि सध्या मोठा मासा पात्रात आहे का काठावर. त्यांची जाळी वेगवेगळ्या खोलीवर रोज लागलेली असतात, आपण वर्षभरात शिकणार ते त्यांना कालचं माहीत असतं. होडीत बसायच्या आधी लाइफ जॅकेट मागा, नसेल तर जाऊ नका. धरणातल्या मासेमारीच्या परवान्याचं पण तिथेच विचारून घ्या, गळाला चालतं असं गृहीत धरू नका.

रीलचा ड्रॅग (दोर सोडताना ताण धरणारा ब्रेक) मासा ओढताना झटके देत असेल, उघडून साफ करूनही देत असेल, तर दुरुस्तीवाल्याकडे द्या. मी एकदा स्वतः खोलून बसवला आणि ऐन वेळी अडकून दोर तुटला, मासा गळ तोंडात घेऊन गेला, ते अजून मनातून जात नाही.

दोर तळाला अडकला तर पाण्यात उतरू नका. खाली जुन्या घरांच्या भिंती आहेत, विहिरी आहेत, बाभळीची खोडं आहेत. पाणी उतरलेल्या चिखलातून चालत तर अजिबात जाऊ नका, वरून वाळलेला दिसतो आणि आत कमरेपर्यंत रुततो. दोर तोडा, चाळीस रुपयांचा तरंगा जाऊ दे.

गळ बोटात घुसून काट्यापर्यंत आत गेला तर मागे ओढू नका, दोर कापा, गळ आहे तसा राहू द्या आणि सरळ डॉक्टरकडे जा, धनुर्वाताचं इंजेक्शन लागेल.

आणि कधी सकाळी काठाला आलात आणि मासे मरून पांढरी पोटं वर करून तरंगताना दिसले, पाण्याला उग्र वास आला, तर काठी काढूच नका. ते मासे उचलून घरी नेऊ नका, कुणाला नेऊ देऊ नका, फोटो काढा आणि मत्स्यव्यवसाय विभागाच्या कार्यालयात नाहीतर ग्रामपंचायतीत लगेच कळवा. अशा वेळी जिवंत राहिलेले मासे पण अगदी वरच्या थरात तोंड काढून धापा टाकत असतात, हाताने धरता येतील इतके जवळ. त्यांना त्या दिवशी हात लावू नका.